समुद्रघोड्याचे घर

पाणघोडा आणि समुद्रघोडा हे दोन शब्द मराठीत शेजारीशेजारी नांदतात आणि वर्गात शिकवताना मुलांची त्यांत हमखास गल्लत होते. पाणघोडा म्हणजे आफ्रिकेतल्या नद्यांत डुंबणारे, हजार-दीड हजार किलो वजनाचे, गवत खाणारे जनावर. समुद्रघोडा म्हणजे मासा. त्याला कल्ले आहेत, पर आहेत, पाठीचा कणा आहे. पण मासा म्हणून ओळखावे असे त्याचे रूप नाही. तोंड घोड्याचे, शेपूट माकडासारखे गुंडाळणारे, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कड्यांचे चिलखत आणि पोटाला पिशवी! सर्वांत लहान जात बोटाच्या पेराएवढी, तर सर्वांत मोठी दीड वीत भरते. सगळ्या जाती मिळून जेमतेम पंचेचाळीस-पन्नास आहेत. पृथ्वीवर माशांच्या जाती तीस हजारांच्या वर आहेत. त्यांत हे कुटुंब अगदी लहान म्हटले पाहिजे.

आज तुम्हांला या माशाचा इतिहास सांगावयाचा आहे. माशाला कसला आलाय इतिहास, असे कोणी म्हणेल. राजे आणि लढाया यांनाच इतिहास असतो अशी आपली समजूत असते. परंतु माणसाने ज्या वस्तूला हात लावला तिला इतिहास चिकटतोच. समुद्रघोड्याला तर माणसाने तीन बाजूंनी हात लावला. आधी त्याची कथा केली, मग त्याचे औषध केले आणि शेवटी त्याच्या घरावरून नांगर फिरवला.

कथेपासून सुरुवात करू. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याच्या रथाला जे घोडे जोडलेले असत त्यांचे पुढचे अंग घोड्याचे आणि मागचे माशाचे असे. त्यांना ग्रीक भाषेत हिप्पोकाम्पोस म्हणत. भूमध्य समुद्राच्या काठी जाळ्यात सापडणारा हा लहानगा मासा पाहून, हे त्या रथाच्या घोड्याचे पिल्लू असावे, असे कोणाला वाटले असेल तर त्यात नवल नाही. पुढे हेच नाव माशाला कायमचे मिळाले. १५८७ साली अरांत्सी नावाच्या इटालियन वैद्याने माणसाच्या मेंदूतील एका वळणदार भागाला त्याच्या आकारावरून तेच नाव दिले. मेंदूच्या या भागाशी आठवणीचा फार जवळचा संबंध आहे, हे पुष्कळ नंतर कळले. म्हणजे आपण सर्वच जण डोक्यात एकेक समुद्रघोडा घेऊन हिंडतो म्हणाना!

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली प्राण्यांची यादी केली तेव्हा समुद्रघोड्याला नळीसारख्या तोंडाच्या माशांच्या घोळक्यात बसवले. त्याची वेगळी प्रजाती मानली गेली ती १८१० साली. शास्त्राने एवढी ओळख करून घेतली खरी. परंतु तो राहतो कसा, खातो काय, संसार कसा करतो, हे समुद्रात उतरून पाहायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

औषधाचा इतिहास मात्र याहून जुना आहे. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की, समुद्रघोड्याची राख चरबीत कालवून लावली असता टक्कलावर केस येतात. चीनमध्ये आठव्या शतकापासून औषधाच्या ग्रंथांत त्याचे नाव आढळते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ली शिझेन यांच्या महाग्रंथातही तो आहे. वाळवलेला समुद्रघोडा अशक्तपणावर, दम्यावर, मूत्रपिंडाच्या विकारांवर देतात. यावर हसण्याचे कारण नाही. आपल्याकडेही कासवाची पाठ, मोराचे पीस, घोरपडीचे तेल यांचे उपयोग सांगणारे वैद्य होतेच. शेकडो वर्षे हे औषध चालले आणि समुद्रघोडेही टिकले, कारण घेणारे थोडे होते आणि पकडणारेही थोडे होते. १९८० नंतर चीनमध्ये सुबत्ता वाढली. जे औषध पूर्वी श्रीमंतांना परवडे ते साध्या कुटुंबालाही घेता येऊ लागले आणि हिशेब फिरला.

पण व्यापाराकडे वळण्यापूर्वी घराकडे वळले पाहिजे. माझ्या मते या माशाची सगळी कहाणी त्याच्या घरात आहे, आणि आपल्याकडे ती नेमकी तिथेच सांगायची राहून जाते.

समुद्रघोडा पोहण्यात अगदी कच्चा. इतर मासे आडवे पोहतात, हा उभा पोहतो. पाठीवरचा लहानसा पर सेकंदाला तीसपस्तीस वेळा फडफडवून तो कसाबसा पुढे सरकतो. ओहोटीचा जोर आला, वादळ झाले, की तो वाहून जातो आणि थकून मरतो. म्हणून निसर्गाने त्याला शेपटीचा हात दिला आहे. त्या शेपटीने तो गवताची पात, पोवळ्याची फांदी, खारफुटीचे मूळ, जे मिळेल ते घट्ट धरून ठेवतो. तुम्ही माशाची शेपटी गोल पाहिली असेल. याची शेपटी चौकोनी असते. २०१५ साली अभ्यासकांनी गोल आणि चौकोनी शेपटीचे नमुने करून तपासले, तेव्हा चौकोनी शेपटीची पकड अधिक पक्की निघाली आणि चेंगरली तरी ती मोडत नाही असे दिसून आले.

धरायला काहीतरी हवे, ही त्याची पहिली गरज. दुसरी गरज लपण्याची. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेले अंगात साठत नाही, म्हणून त्याला दिवसभर खात राहावे लागते. बारीक कोळंबीसारखे जीव जवळून गेले, की नळीसारख्या तोंडाने ते क्षणात ओढून घ्यायचे. पाठलाग करणे त्याच्या नशिबी नाही. तेव्हा भक्ष्य आपल्यापर्यंत येईतो आपण दिसता कामा नये. गवतात तो हिरवट होतो, पोवळ्यात पिवळा किंवा तांबडा होतो. त्याचे डोळे सरड्यासारखे वेगवेगळ्या दिशांना फिरतात.

लपण्याची ही कला कुठवर गेली आहे पाहा. दक्षिण प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर बार्गिबाँ नावाचे गृहस्थ मत्स्यालयासाठी समुद्रातील जीव गोळा करीत. १९६९ साली त्यांनी पंख्याच्या आकाराचे एक मऊ पोवळे आणून तपासले, तेव्हा त्याच्या फांदीवर दोन सेंटिमीटरांचा समुद्रघोडा बसलेला आढळला. पोवळ्यावर जशा गुलाबी गाठी तशाच गाठी याच्याही अंगावर होत्या. म्हणजे त्याचे घर उचलून आणले म्हणूनच तो माणसाला दिसला. आज तो बार्गिबाँ यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्या एका प्रकारच्या पोवळ्यावाचून तो दुसरीकडे राहत नाही.

सगळ्याच जाती इतक्या हट्टी नाहीत. आपल्या किनाऱ्यावर आढळणारा पिवळा समुद्रघोडा, ज्याला शास्त्रात कुडा म्हणतात, तो खाडीच्या मचूळ पाण्यात, समुद्रगवतात, खारफुटीच्या मुळांपाशी अशा उथळ जागी राहतो. तीन ठिपक्यांचा समुद्रघोडा खोल पाण्यात, वाळू आणि चिखल असलेल्या तळाशी राहतो. ही दोन घरे ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. ते खरेखुरे गवत आहे. त्याला मुळे असतात, फुले येतात, बीही धरते. जमिनीवरच्या वनस्पतींचेच काही वंशज कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात परत गेले. काही शास्त्रज्ञांचे असे मत आहे की, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी पूर्वेकडील उथळ समुद्रांत अशी कुरणे पसरली आणि त्यांच्या उभ्या पातींत लपण्यासाठीच समुद्रघोड्याचे पूर्वज उभे राहायला शिकले. स्लोव्हेनिया देशात सापडलेले त्याचे सर्वांत जुने अवशेष सुमारे एक कोटी तीस लाख वर्षांपूर्वीचे आहेत. गवत आधी आणि घोडा नंतर, हा क्रम जमिनीवर आहे तसाच पाण्यातही असावा, याची गंमत वाटते.

आता त्याचा संसार. मादी आपली अंडी नराच्या पिशवीत घालते. गर्भ वाढवतो तो नर आणि दोनचार आठवड्यांनी प्रसूत होतो तोही नर. ही गोष्ट मुलांना सांगितली की वर्गात खसखस पिकते. अॅमॅन्डा व्हिन्सेंट या संशोधिकेने ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यावर पाण्यात बुडी मारून यांच्या जोड्या पाहिल्या. नर आपला चौरस मीटरभर जागेचा संसार सोडत नाही. मादी शंभर चौरस मीटरांत हिंडते, पण रोज सकाळी नराला भेटायला येते. दोघे रंग बदलतात, एकाच पातीला शेपट्या गुंडाळून गोल फिरतात आणि मग आपापल्या वाटेला जातात. जोडीदार गेला तर दुसरा चटकन मिळत नाही, कारण वस्ती विरळ असते आणि शोधायला पोहता येत नाही. एक घोडा काढला म्हणजे एकच कमी झाला, असा हिशेब इथे चालत नाही.

या घरावर पहिला मोठा घाला माणसाने घातला नाही, रोगाने घातला. १९३० नंतरच्या काही वर्षांत उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर समुद्रगवत सडू लागले. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवाची ती करणी होती. पुष्कळ ठिकाणी दहातले नऊ हिस्से कुरण नाहीसे झाले. त्या गवतावर पोसणारे रानहंस घटले. केवळ त्याच गवताच्या पातीवर राहणारी एक लहान समुद्री गोगलगाय जगातून कायमची गेली. तोपर्यंत समुद्रातील तळ ही पडीक जमीन आहे अशीच समजूत होती. तिथेही शिवार असते आणि शिवार बुडाले की त्यावर जगणारे बुडतात, हे या रोगाने दाखवले.

दुसरा घाला माणसाचा. आपल्या देशात १९५२ साली नॉर्वेच्या सहकार्याचा करार झाला आणि पुढच्या वर्षी केरळात कोल्लमजवळ नींदकरा येथे यांत्रिक मासेमारीचे काम सुरू झाले. उद्देश चांगलाच होता. मच्छीमारांचे कष्ट कमी व्हावेत, लोकांना स्वस्त मासळी मिळावी. परंतु लवकरच कोळंबीला परदेशांत मोठा भाव आहे हे कळले आणि तळ खरवडून काढणारे ट्रॉलचे जाळे किनाऱ्याकिनाऱ्याने पसरले. तुम्ही शेतकरी आहात, कुळव म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. वजनदार कुळव शेतातून ओढावा तसे हे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. शेतात आपण कुळव वर्षातून दोनचारदा फिरवतो आणि मग पेरतो. समुद्रात तो रोज फिरतो आणि पेरणारा कोणी नसतो. कोळंबीबरोबर गवत उपटून येते, पोवळी मोडून येतात आणि त्यांना धरून बसलेले समुद्रघोडेही येतात.

एका जाळ्यात किती समुद्रघोडे येतात? दिवसाकाठी एखाददुसरा, कधी तोही नाही. म्हणूनच कोणाला त्याचे काही वाटत नाही. पण जाळी हजारो आहेत आणि दिवस वर्षाचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीसबावीस देशांची आकडेमोड करून असे दाखवले की, अशा रीतीने अनायासे सापडणारे समुद्रघोडे वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख भरतात.

तिसरा घाला व्यापाराचा. व्हिन्सेंट यांनी आशियातील बाजारपेठा हिंडून १९९६ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात वर्षाला किमान दोन कोटी समुद्रघोड्यांची देवघेव होते आणि तीसहून अधिक देश त्यात गुंतले आहेत असे दिसले. तोपर्यंत हा व्यापार कोणत्याही सरकारच्या नोंदीत धडपणे नव्हता. भारत त्यात मागे नव्हता. तमिळनाडूत रामेश्वरमच्या दोन्ही बाजूंना, उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी आणि दक्षिणेला मन्नारचे आखात, येथे समुद्रगवताची देशातील सर्वांत मोठी कुरणे आहेत. तिथले पाणबुडे हाताने समुद्रघोडे वेचीत आणि ते वाळवून सिंगापूर, हाँगकाँगकडे जात.

अहवाल निघाल्यावर काय करावे, हा प्रश्न आला. इथून पुढचा इतिहास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तीन ठिकाणी तीन वेगळी उत्तरे दिली गेली आणि तिन्हींचे फळ आज आपल्यापुढे आहे.

पहिले उत्तर फिलिपाइन्समधील हांडुमोन या खेड्याचे. बोहोल बेटाजवळ दानाहोन नावाची पोवळ्यांची दुहेरी भिंत आहे. जगात अशा भिंती फार थोड्या. तिथले मच्छीमार रात्री लहान उलांडीच्या होडीवर गॅसबत्ती टांगून निघत. पाण्यात उतरून, होडी दोरीने मागे ओढत, बत्तीच्या उजेडात पोवळ्यांतून समुद्रघोडे हाताने वेचीत. घरातले मीठमिरची, मुलांची पुस्तके, पुष्कळांचे यावर चाले. शेजारी कोणी सुरुंगाची दारू फोडून मासे मारीत, कोणी विष सोडीत, त्यामुळे पोवळी उद्ध्वस्त होत होती. व्हिन्सेंट आणि त्यांचे सहकारी तिथे गेले तेव्हा त्यांनी मासेमारी बंद करा असे सांगितले नाही. गावकऱ्यांबरोबर बसून विचार केला. १९९५ साली गावाने आपल्या समुद्राचा एक तुकडा राखीव केला. तिथे कोणीही काहीही पकडायचे नाही आणि राखण गावानेच करायची. पोटात पिले असलेले नर सापडले तर ते पाण्यातल्या पिंजऱ्यात ठेवून, पिले बाहेर पडल्यावर मगच विकायचे, असाही प्रयोग झाला. आपल्याकडे देवराई राखतात त्याच जातीची ही गोष्ट आहे. शेजारच्या गावांनी ते पाहिले आणि पुढे त्या भागात असे तीसहून अधिक राखीव तुकडे झाले.

दुसरे उत्तर जगातल्या सरकारांचे. वन्य जीवांच्या व्यापारासंबंधी १९७३ साली वॉशिंग्टन येथे एक करार झाला होता, त्याला साइटीस म्हणतात. त्याच्या सभासद देशांची बैठक नोव्हेंबर २००२ मध्ये चिली देशात सांतियागो येथे भरली आणि सगळ्या जातींचे समुद्रघोडे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले. १५ मे २००४ पासून तो निर्णय अमलात आला. दुसरे परिशिष्ट म्हणजे बंदी नव्हे. व्यापार करा, पण त्यामुळे जात धोक्यात येत नाही असे निर्यात करणाऱ्या देशाने दाखवून द्या, असा त्याचा अर्थ. दहा सेंटिमीटरांपेक्षा लहान समुद्रघोडा विकू नये, म्हणजे निदान एकदा तरी त्याची वीण होईल, अशी सूचनाही केली गेली. वाणिज्यासाठी पकडल्या जाणाऱ्या सागरी माशांवर जगाने नजर ठेवण्याची ही जवळजवळ सुरुवातच होती. त्याच बैठकीत दोन महाकाय मुशींनाही ते संरक्षण मिळाले.

पण कायद्याला कायदा कसा आडवा येतो पाहा. फिलिपाइन्सच्या १९९८ च्या मत्स्यकायद्यात असे कलम होते की, साइटीसच्या यादीतील जीव पकडणे हा गुन्हा आहे. त्यामुळे जगाने ज्या व्यापाराला मर्यादेत परवानगी दिली तो त्या देशात पूर्णच बंद झाला. ज्यांनी सर्वांत आधी आपला समुद्र राखला तेच हांडुमोनचे लोक २००४ साली कायद्याने चोर ठरले. पोट थांबत नाही, तेव्हा मासेमारी चोरून चालू राहिली.

तिसरे उत्तर आपल्या देशाचे. भारताने जगाची वाट पाहिली नाही. २००१ सालीच समुद्रघोडे आणि त्यांचे सगळे नातलग वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसवले. पकडणे, वाळवणे, विकणे सगळे बंद. कागदावर याहून कडक काही असू शकत नाही.

फळ काय मिळाले? तमिळनाडू आणि इतर किनाऱ्यांवर फिरून, शेकडो मच्छीमारांशी बोलून केलेली एक पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. बंदीला वीस वर्षे होत आली असतानाही भारतात वर्षाला सुमारे अर्धा कोटी ते सव्वा कोटीहून अधिक समुद्रघोडे पकडले जात असावेत, असा तिचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक ट्रॉलच्या जाळ्यात येतात. मघाशी दोन घरे ध्यानात ठेवायला सांगितली होती ती यासाठी. बंदीने अडवला तो पाणबुड्या. उथळ गवतात श्वास रोखून, एकेक घोडा हाताने निवडणारा तो माणूस लहान घोडा किंवा पिशवी भरलेला नर सोडून देऊ शकत होता. खोल पाण्यातल्या चिखलावरून फिरणाऱ्या जाळ्याला ना डोळे ना कायदा. घोडा डेकवर येईपर्यंत पुष्कळदा मेलेलाच असतो. तो समुद्रात फेकला काय आणि खिशात घातला काय, माशाच्या दृष्टीने फरक नाही. मच्छीमाराच्या दृष्टीने मात्र खिशातला घोडा विकला जातो, म्हणून तो चोरवाटेने जातो. मला वाटते, गरिबाच्या हातावर बेडी आणि यंत्राला मोकळीक, असा या बंदीचा व्यवहार झाला. बंदी उठवावी असे माझे म्हणणे नाही. ती घरापर्यंत पोहोचली नाही, एवढेच म्हणणे आहे.

मग राखीव समुद्र हेच खरे उत्तर, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हटले असते, पण इथे इतिहास आपल्याला सोपे उत्तर देत नाही. दानाहोनच्या राखीव तुकड्यांत इतर मासे वाढले, समुद्रघोडे मात्र फारसे वाढलेले दिसले नाहीत; २०१२ साली तिथल्याच अभ्यासकांनी हे प्रामाणिकपणे छापले. ऑस्ट्रेलियात पोर्ट स्टीफन्स येथे तर राखीव क्षेत्रापेक्षा बाहेरच समुद्रघोडे जास्त आढळले. राखीव पाण्यात त्यांना खाणारे मोठे मासे वाढले होते! शिवाय दानाहोनच्या समुद्रघोड्याची पिले वाढतात ती लांब समुद्रशैवालाच्या झुडपांत, आणि मोठे झाल्यावर ते पोवळ्यांत राहायला जातात. पोवळी राखली आणि शैवाल कापून नेले, तर पाळणा मोडून वाडा राखल्यासारखे होते. घर म्हणजे केवळ कुंपण नव्हे, त्यात धरायला काय आहे हे पाहावे लागते.

ही गोष्ट ज्यांना उमगली त्यांनी मजेदार उपाय केले. सिडनी बंदरात पोहणाऱ्यांना मुशींपासून जपण्यासाठी दोरीच्या जाळ्या लावलेल्या असतात. आसपासची पोवळी आणि गवत नष्ट झाल्यावर तिथले समुद्रघोडे त्या जाळ्यांना शेपट्या गुंडाळून राहू लागले. जाळ्या धुताना घोडे मरू नयेत म्हणून धुण्याची रीत बदलण्यात आली. पुढे तिथे लोखंडी जाळीचे पिंजरे तळाशी ठेवू लागले. काही महिन्यांत त्यांवर शेवाळ आणि स्पंज चढतात, बारीक कोळंबी येते आणि मग समुद्रघोडे राहायला येतात. वर्षांनी लोखंड गंजून विरघळते, वर चढलेले शेवाळ मागे राहते. लोक त्यांना समुद्रघोड्यांची हॉटेले म्हणतात. २०२० साली मत्स्यालयात वाढवलेली पिले तिथे सोडण्यात आली.

दक्षिण आफ्रिकेतली हकीकत याहून बोलकी आहे. तिथे नाइस्ना येथील खाडीत आणि आसपासच्या दोनतीन खाड्यांतच एक समुद्रघोडा राहतो. साऱ्या जगात दुसरीकडे नाही. शेजारच्या स्वार्टव्लेई खाडीचे तोंड १९९१ साली पुराने फुटले, पाणी एकदम उतरले आणि तीनेक हजार समुद्रघोडे उघडे पडून मेले. नाइस्नाच्या खाडीत पुढे घरे बांधण्यासाठी कालवे खणले आणि त्यांचे काठ ढासळू नयेत म्हणून तारेच्या जाळीत दगड भरून बसवले. आपल्याकडे ओढ्यावर जाळीचा बंधारा घालतात, अगदी तसेच. घोड्यांचा यात कोणीच विचार केला नव्हता. पण नंतर पाहणी केली तेव्हा गवताच्या कुरणापेक्षा त्या दगडांच्या फटींतच त्यांची वस्ती दाट निघाली. शेपटीला तार मिळाली, लपायला फट मिळाली! यावरून कुरण गेले तरी चालते असा अर्थ कोणी काढू नये. गवताचे कुरण जी इतर कामे करते ती सगळी त्या जाळीतले दगड करत नाहीत.

कोकण आणि गोव्याच्या खाड्यांतही समुद्रघोडे आहेत. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पिवळा समुद्रघोडा टाकीत वाढवण्याचे प्रयोग झाले. त्याला कोणता पार्श्वरंग आवडतो इथपर्यंत बारकाईने पाहिले गेले. आपल्या किनाऱ्यावर गवताची मोठी कुरणे नाहीत, इथले त्याचे घर म्हणजे मुख्यतः खारफुटी आणि खडकाळ खाडी. तिवरांचे बन भराव घालून बुजवले की त्याचे घर बुजते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. खाडीकाठच्या शाळांतल्या गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. रापण ओढली की वाळूवर राहणाऱ्या टाकाऊ मासळीत मुलांना एखाद्या वेळी समुद्रघोडा दिसेल. तो जिवंत असेल तर वाळवून शाळेच्या कपाटात ठेवू नका; कायद्याने तो गुन्हाही आहे. ओंजळभर पाण्यात घेऊन खाडीच्या उथळ कडेला, मुळांपाशी सोडायला सांगा, आणि तो कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी सापडला हे वहीत लिहून ठेवा. पाचदहा वर्षांच्या अशा नोंदी ही फार मोलाची गोष्ट होईल.

पावसाळ्यात समुद्र बंद ठेवून नारळी पौर्णिमेला नारळ वाहून तो पुन्हा उघडण्याची आपली रीत जुनी आहे; आता सरकारही पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे सुमारे दोन महिने यांत्रिक मासेमारी थांबवते. पूर्व किनाऱ्यावर ही सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. पाल्कच्या सामुद्रधुनीत त्याशिवाय ट्रॉलरवाले आणि लहान होडीवाले यांनी आठवड्याचे दिवस वाटून घेतले आहेत. हे भांडण मिटवण्यासाठी केले, समुद्रघोड्यासाठी नव्हे. तरी तळाला तेवढी उसंत मिळते.

त्याच पाण्यात २०२२ साली तमिळनाडू सरकारने सुमारे ४४८ चौरस किलोमीटरांचे राखीव क्षेत्र जाहीर केले. ते समुद्रगायीसाठी आहे. ही गाय म्हणजे गवत चरणारे मोठे सागरी जनावर, दिवसाला तीसचाळीस किलो समुद्रगवत खाते. तिच्यासाठी कुरण राखायचे म्हणजे त्याच कुरणात पातीला शेपूट गुंडाळून बसलेला समुद्रघोडाही आपोआप राखला जातो. जिथे गवत उपटले गेले आहे तिथे ते पुन्हा लावण्याचे कामही चालू आहे. बांबूची चौकट करतात, तिला काथ्याची दोरी ताणून बांधतात आणि दोरीला गवताची मुळासकट रोपे खोचून ती चौकट उथळ पाण्यात तळाशी बसवतात. रोपांची मुळे वाळूत शिरेपर्यंत बांबू आणि काथ्या टिकतात, मग कुजून जातात.